रिकामं भांडं परत द्यायचं नसतं

रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसाहून उंच मका, मधून खडीचा रस्ता, आणि वरून असा पाऊस की गाडीचे वायपर नुसते हात हलवून 'आमच्याने नाही व्हायचं' म्हणत होते. अशा पावसात शहाणी माणसं घरी बसतात. मारित टॉलेफसन तशी शहाणीच होती. पण 'बुधवारी निघते' असं ती सगळ्यांना सांगून बसली होती, आणि मिनेसोटातल्या त्या गावात सांगितलेला वार मोडणं म्हणजे मोठंच पाप.

वळणावर एक पांढरी व्हॅन तिरकी उभी होती. बॉनेट उघडं. शेजारी चिखलात एक माणूस उभा होता, डोक्यापासून पायापर्यंत निथळत. रेनकोट होता त्याच्याकडे, नाही असं नाही. पण तो त्याने कसल्यातरी पेटीला गुंडाळला होता आणि पेटीला लेकरासारखं छातीशी धरलं होतं.

मारितने गाडी थांबवली. काच बोटभर खाली केली.

"सोडू का कुठे?"

आता या विचारण्याची एक रीत आहे. विचारणाऱ्याने विचारायचं. समोरच्याने म्हणायचं, 'नको नको, उगाच तुम्हाला त्रास.' मग पुन्हा विचारायचं. त्याने पुन्हा म्हणायचं, 'नको, खरंच.' मग तिसऱ्यांदा विचारायचं, आणि तेव्हा कुठे त्याने, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर… असं पुटपुटत दाराला हात लावायचा. मारितचे आजे-पणजे नॉर्वेहून आले तेव्हा बरोबर काही आणलं असेल-नसेल, ही रीत मात्र नक्की आणली होती.

"हो," तो माणूस म्हणाला आणि दार उघडून आत बसलाही.

मारित बघतच राहिली. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

बसला म्हणजे अर्धाच बसला, कारण सीटवर काचेचं एक भलंमोठं भांडं होतं. मागच्या सीटवर भांडी, पायाशी भांडी, डिकीत टॉवेलांत गुंडाळलेली भांडी. ओव्हनची, पुडिंगची, सॅलडची.

"हे कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

"मांडीवर."

"आणि माझी पेटी?"

"ती… पाठीवर?"

तो हसला. ओल्या पापण्यांमधून हसला, आणि मारितला उगाचच वाटलं की काचा जरा जास्तच धुरकटल्यात.

"मी काझ. शिकागोचा. तुमच्याकडे लग्न आहे का कुणाचं?"

"नाही. चर्च बंद झालं आमचं."

ते खरंच होतं. गावात माणसंच उरली नव्हती. तरणी मुलं शहरात गेली, म्हातारी त्यांच्या मागे गेली, आणि जुलैत शेवटची प्रार्थना होऊन दाराला कुलूप लागलं. मग तळघरातल्या स्वयंपाकघराची कपाटं उघडली, तर आत पन्नास वर्षांची विसरलेली भांडी. कुणाच्या मयताला आणलेली, कुणाच्या बारशाला आणलेली. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, आणि पट्टीवर मालकिणीचं नाव. भांडं ज्याचं त्याला पोचलंच पाहिजे यावर बायकांचं एकमत झालं. नेणार कोण? सगळ्यांच्या नजरा मारितकडे वळल्या. तिची गाडी लांबलचक, तिच्यामागे ना नवरा ना पोर, आणि ती धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला बसायची, तिथे मका निघेपर्यंत कामच नाही. मारितने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं. सगळं रीतसर.

गॅरेजवाल्याने व्हॅनच्या पोटात डोकावून पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली. "गेली," तो म्हणाला. "तिचा जीव होता तोवर होती. आता भंगारात घाला."

काझ पेटी घेऊन बाकड्यावर बसला. पेटीत अकॉर्डियन होतं. त्याच्या वडिलांचं. ऐन हलाखीत त्यांनी ते एका गवळ्याला विकलं होतं, तो गवळी इकडचा. काझ स्वतः अकॉर्डियन दुरुस्त करत गावोगाव फिरायचा आणि दरवेळी त्या गवळ्याचा शोध घ्यायचा. अखेर काल सापडलं, त्याच्या माळ्यावर. रविवारी आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती.

"मी शिकागोपर्यंतच चालले आहे," मारित म्हणाली. "पण सरळ नाही. वाटेत थांबत, भांडी देत. रविवारी पोचेन. तुम्हाला…"

"हो."

"अहो, मी अजून विचारलंसुद्धा नाही."

"विचारा की मग. उत्तर तयार आहे."

*

मिसिसिपीवरच्या पुलावर आले तेव्हा पाऊस थांबला होता, आणि पलीकडच्या टेकड्यांवर वाफ चढत होती. लाक्रॉसमधलं पहिलं घर मिसेस स्कोगेनचं. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, ही दुसरी रीत. म्हणून मारितने वाटेत शेताच्या कडेला मांडलेली कणसं आणि टोमॅटो घेऊन त्यांचं भांडं भरलं होतं. मिसेस स्कोगेननी भांडं पाहिलं, बुडाचं नाव पाहिलं, आणि डोळे टिपून म्हणाल्या, "कॉफी घेणार ना?"

"नको नको," मारित म्हणाली, "निघायचंच आहे आम्हाला."

"हो, चालेल की," काझ म्हणाला.

मिसेस स्कोगेन जागच्या जागी थिजल्या. कॉफी होती कुठे? पाहुणे दोनदा नको म्हणतील, तेवढ्यात आपण पाणी चढवू, आणि तिसऱ्या फेरीला 'आता झालीच आहे, घोटभर घ्या' म्हणू, असा त्यांचा रोजचा हिशेब. बिचाऱ्या गॅसकडे धावल्या. धावताना साखरेचा डबा सांडला.

गाडीत बसल्याबरोबर मारितने डोकं स्टिअरिंगवर टेकलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय केलं मी?" काझ म्हणाला. "तिने विचारलं. मला हवी होती."

"अरे, असं नसतं! पहिलं 'नको' सभ्यपणाचं असतं. दुसरं 'नको' समोरच्याची परीक्षा बघायला, की हा मनापासून विचारतोय की तोंडदेखलं. आणि तिसऱ्यांदा जे म्हणशील ते खरं उत्तर. 'हो' तर हो. 'नको' तर नको, मग पुन्हा विषय काढायचा नाही."

"म्हणजे एका कॉफीसाठी तीन वेळा."

"आणि तू पहिल्या झटक्यात हो म्हणतोस. वखवखलेल्यासारखा."

"आम्ही सात भावंडं," तो म्हणाला. "'नको' म्हटलं की ताट पुढे सरकायचं. मग बसा बोटं चोखत. आमच्या घरी 'नको' म्हणजे नकोच."

त्याने मांडीवरचं पुढच्या घरचं भांडं नीट धरलं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं.

"आणि मारित… तू मला आत्ता 'अरे' म्हणालीस."

"चुकून."

"राहू दे ती चूक."

*

मग काय, रस्ता होता आणि ते दोघं होते. विस्कॉन्सिनच्या हिरव्यागार चढउतारांतून, लाल गोठ्यांच्या आणि गुरांच्या चाऱ्याच्या चकाकत्या, उंच सायलोंच्या मधून, निवांत. घाई कुणाला होती? चीजच्या कारखान्यावर थांबून त्यांनी ताज्या चीजचे तुकडे घेतले, दाताखाली चुर्रचुर्र वाजणारे. काझ म्हणाला, "हे चीज तक्रार करतंय." तर मारित म्हणाली, "आमच्याकडे तक्रार करायची हिंमत फक्त चीजलाच."

काझ गाडी चालवायला बसला की समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला हात वर करकरून दाखवायचा, स्टेशनावर पाहुण्यांना घ्यायला गेल्यासारखा.

"असं नाही," मारित म्हणाली. "घाबरतील ती माणसं. इथे फक्त एक बोट उचलायचं. स्टिअरिंगवरून हात न काढता."

"असं?"

"असं नाही. थांब…"

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. उरलेली बोटं आपल्या बोटांनी दाबून धरली आणि एकच बोट मोकळं सोडलं. समोरून एक ट्रक आला. काझने बोट उचललं. ट्रकवाल्यानेही बोट उचललं. ट्रक केव्हाच मागे गेला… मारितचा हात मात्र तिथेच होता.

"अजून एक गाडी येतेय," काझ हळूच म्हणाला.

"कुठे?"

"येईल. कधी ना कधी येईलच."

तिने हात काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघू लागली. मका तोच, गोठे तेच, आणि तरी काहीतरी निराळंच दिसत होतं. कान तापले होते तिचे.

मॅडिसनला दोन तळ्यांच्या मधल्या घरात एक भांडं गेलं, विद्यापीठाशेजारच्या घरात एक गेलं. मांडीवर भांडं धरून बसायची काझला इतकी सवय झाली की एकदा मांडी रिकामी झाली तेव्हा तो म्हणाला, "चुकल्या-चुकल्यासारखं होतंय." प्रत्येक घरी मारित दोनदा नको म्हणायची, आणि काझ आता तिच्या शेजारी मुकाट उभा राहून, ओठ गच्च मिटून, आपली तिसरी फेरी येईपर्यंत कळ काढायचा. तेवढं मात्र शिकला होता.

"तुमच्या घरी कुणाचं भांडं राहत नाही का?" तिने विचारलं.

"राहतं ना. राहिलं की गेलंच. म्हणून आई कुणालाही काही द्यायचं झालं तर आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात देते. परत येईल ही आशाच नको."

शुक्रवारी संध्याकाळी एका खेड्यातल्या दारूच्या गुत्त्यात थांबले. शुक्रवारची तळलेली मासळी खायला अख्खा तालुका लोटला होता. कोपऱ्यात तीन म्हातारे पोल्काच्या नाचऱ्या धून वाजवत होते. काझचे पाय टेबलाखाली केव्हाचे नाचत होते.

"नाचणार?" त्याने विचारलं.

"नको, मला नाही येत."

"बरं," म्हणाला, आणि बटाटे खायला लागला.

मारितला असा राग आला की काय सांगावं. बटाटे खातोय! समोर बसून बटाटे खातोय!

"काझ."

"काय गं?"

"दुसऱ्यांदा विचार की."

तो खाता खाता थांबला. डोळ्यांत खट्याळ हसू आलं. "नाचणार?"

"नको, खरंच. लोक बघतील."

"नाचणार?"

"बरं… तू एवढा आग्रहच करतोयस तर."

नाचता तिला खरंच येत नव्हतं. पण काझचा हात पाठीवर होता आणि तो हात सगळं सांगत होता, आता इकडे, आता फिर, आता टेक. तिसऱ्या फेरीत ती त्याच्या पायावर पाय देऊन धडपडली, त्याने सावरलं, आणि त्या सावरण्यात एक क्षण असा गेला की दोघांपैकी कुणीच पाऊल टाकलं नाही. त्याच्या शर्टाला पावसाचा, लाकडाचा आणि तळणाचा वास येत होता. मारितला त्या क्षणी स्वच्छ कळलं. आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत, आणि रविवारी रस्ता संपणार आहे.

*

मिलवॉकीचं भांडं लाइल आसेन यांचं. म्हणजे त्यांच्या बायकोचं. ती जाऊन वर्ष झालं होतं. मारितने निळं भांडं पुढे केलं, आत पिकलेले प्लम होते. म्हाताऱ्याने प्लम एकेक करून टेबलावर ठेवले. मग भांडं उलटं केलं. पिवळ्या पडलेल्या पट्टीवर शाईने लिहिलं होतं, 'बेव्हर्ली'. त्यांनी त्या नावावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"तिचं अक्षर," एवढंच म्हणाले. कॉफी कुणी विचारली नाही आणि कुणी नाकारलीही नाही.

तिथून ते सरळ मिशिगन सरोवराच्या काठावर गेले. समुद्रासारखं पाणी, समुद्रासारखा वारा, फक्त खारटपणा नाही. मारितचे केस तोंडावर येत होते. काझने ते बाजूला करायला हात उचलला, आणि मधेच थांबवला.

"ती नावाची पट्टी," तो म्हणाला, "भांडं हरवू नये म्हणून लावतात ना?"

"छे. हरवायचं काय त्यात? परत यावं म्हणून लावतात. भांडं द्यायच्या निमित्ताने माणूस घरी येतो. बसतो. भांडं भरून आणतो, मग आपण त्याला काहीतरी आपल्या भांड्यात घालून देतो. मग ते द्यायला आपण जातो." ती हसली. "आमच्याकडे कुणी कुणाला 'तुझी आठवण येते' म्हणत नाही रे. भांडं विसरून जातात."

काझ तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता. पण वारा फार होता… किंवा धीर कमी होता.

शिकागोच्या हमरस्त्यावर मारितने गाडी इतकी सावकाश हाकली की मागचे ट्रकवाले भोंगे वाजवून वाजवून थकले. काझनेही 'जरा जोरात चालव' असं एकदाही म्हटलं नाही.

*

रविवारी सकाळी शेवटचं भांडं देऊन दोघं काझच्या घरी पोचले. दुपारी, दक्षिण शिकागोतल्या पोलिश वस्तीतल्या हॉलमध्ये, काझच्या वडिलांनी पेटीचं झाकण उघडलं. पट्टे खांद्यांवर चढवले, भाता ओढला, आणि पहिलाच सूर फाटका निघाला तेव्हा मोठ्याने हसले. हसता हसता रडले. मग असे वाजवायला लागले की त्यांची बायको, हालिनाबाई, हातातलं ताट टाकून मधोमध नाचायला आली. मारित भिंतीशी उभी राहून टाळ्या वाजवत होती. ही माणसं किती मोठ्याने हसतात, रडतात, मागतात, देतात.

चार वाजले. मारितने आपल्या गुडघ्यांवर थाप मारली आणि म्हणाली, "चला, निघायला हवं." तिच्या गावी या थापेनंतर निरोपाला तासभर लागतो. दारात अर्धा तास, पायरीवर पाव तास, गाडीच्या खिडकीशी उरलेला. तिला वाटलं, वेळ आहे अजून. पण इथे सगळ्यांनी गालाचे पटापट मुके घेतले, "सांभाळून जा गं पोरी" म्हणाले आणि नाचायला परत गेले. दोन मिनिटांत ती गाडीपाशी उभी. समोर फक्त काझ, हात खिशात.

"मारित, राहा ना इथे. मका निघेपर्यंत. ताईची खोली रिकामीच आहे."

तिचं काळीज एवढं जोरात उडालं की त्याला ऐकू गेलं असेल. हो म्हण, हो म्हण, हो म्हण. आणि जीभ म्हणाली, "नको रे. उगाच तुमची अडचण."

"अडचण कसली? सात जणांत आठवी खपून जाईल. राहा."

"नको, खरंच. निघायला हवं मला."

आता तिसऱ्यांदा. मारितने खाली पाहिलं. त्याच्या बुटांकडे पाहत राहिली. याला रीत ठाऊक आहे. गुत्त्यात याने तीनदा विचारलं होतं. आता विचारेल… आत्ता विचारेल…

"बरं," काझ म्हणाला. "थांब एक मिनिट." आत गेला, फॉइल लावलेलं काहीतरी घेऊन आला आणि तिच्या शेजारच्या सीटवर ठेवलं, जिथे चार दिवस तो स्वतः बसला होता. "आईने दिलंय. वाटेत खा."

आणि ती निघाली.

निघाली, आणि पहिल्या सिग्नललाच रडू फुटलं. मग राग आला. आधी त्याचा, मग स्वतःचा. त्याला काय बोल लावायचा? त्याने तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आमच्याकडे 'नको' म्हणजे नकोच. आपलीच जीभ आपली वैरीण. चार पिढ्यांचा सभ्यपणा घेऊन बसली आहेस ना, बस आता. घेऊन जा त्याला घरी आणि घाल लोणचं.

शहर संपलं. पुन्हा मका आला. रॉकफर्डच्या अलीकडे रस्त्याकडेला एक बाई प्लम, कणसं आणि सूर्यफुलं मांडून बसली होती. मारितने गाडी थांबवली, कारण डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं. आणि भूकही लागली होती. रडून माणसाला भूक लागतेच. तिने फॉइल उघडलं. पिएरोगी होते, बटाटा नि चीज भरलेल्या त्यांच्या उकडीच्या करंज्या, वर लोण्यात परतलेला कांदा. एक खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा उचलताना बोट काचेला लागलं.

काचेला?

पण हालिनाबाई तर सगळं आइस्क्रीमच्या डब्यात देतात.

मारितने भांडं दोन्ही हातांनी वर उचललं आणि खालून पाहिलं. बुडाला नवीकोरी चिकटपट्टी होती. तिच्यावर मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'काझ'.

ती तशीच बसून राहिली, भांडं डोक्यावर धरून. लोणी बाहीवर ओघळलं तरी तिला पत्ता नाही. मग हसायला लागली.

"ताई, बरं आहे ना?" प्लमवाली बाई म्हणाली. "आत्ता रडत होतात."

"बरं आहे," मारित म्हणाली. "तुमच्याकडचे सगळ्यात गोड प्लम कुठले? हे भांडं भरून द्या. रिकामं परत द्यायचं नसतं."

उरलेले पिएरोगी तिने उभ्या उभ्या संपवले, शेवटचा प्लमवालीपुढे धरला. तिने 'नको' म्हटलं. मारितने तिला तीनदा विचारलं.

*

ऊन कलतं झालं होतं. काझ घराच्या पायरीवर बसला होता, शेजारी वडिलांचं अकॉर्डियन, फाटका सूर दुरुस्त करायच्या निमित्ताने उघडून ठेवलेलं. हातात हत्यार नव्हतं. गाडी ओळखून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

मारितने भांडं पुढे केलं.

"भांडं द्यायला आले."

"इतक्यात?" तो म्हणाला. "आठवडाभर तरी ठेवायचं होतंस."

"पोस्टाने पाठवणार होते."

"काच आहे. फुटलं असतं."

"म्हणूनच आले."

त्याने भांडं घेतलं, पण हात मागे नेला नाही. तिनेही सोडलं नाही. दोघांच्या मधे प्लम.

"काझ… तिसऱ्यांदा का नाही विचारलंस?"

तो म्हणाला, "तूच सांगितलंस ना, तिसरं उत्तर खरं असतं. मग पुन्हा विषय काढायचा नाही. पहिली दोन 'नको' मी पचवली. तिसरं आलं असतं तर? विचारलं नाही तोवर निदान… शिल्लक होतं काहीतरी." त्याने भांड्याकडे पाहिलं. "म्हटलं, भांडं देऊ. तू भांडं ठेवून घेणारी नाहीस. मला तुझी आठवण येत होती मारित. तू गाडीत बसायच्या आधीपासूनच."

मारितला वाटलं, रस्त्यात उभं राहून इतकं उघड कुणी कुणाला बोलतं का. आणि वाटलं, अजून बोल.

"मग आता विचार," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. तिसऱ्यांदा."

त्याने भांडं पायरीवर ठेवलं. हात विजारीला पुसले.

"मका निघेपर्यंत… राहशील?"

"हो."

"आणि मका निघाल्यावर…"

"तू ये. आमच्याकडे तुझ्यासाठी माळ्यावर पुष्कळ अकॉर्डियन पडली आहेत. हो."

"अगं, ते मी अजून विचारलंसुद्धा नाही."

"विचार की मग. उत्तर तयार आहे."

काझ हसायला लागला. तेच हसू, पावसातलं. पण डोळे पावसाशिवायच ओले.

"इतक्या झटक्यात हो?" तो म्हणाला. "वखवखलेल्यासारखी?"

"वखवखलेलीच आहे," मारित म्हणाली, आणि पुढचं पाऊल तिनेच टाकलं.

प्लम पायरीवरून गडगडत खाली गेले. कुणी उचलले नाहीत. बऱ्याच वेळाने आतून हालिनाबाईंची हाक आली, "कोण आलंय रे? जेवणार का?"

"हो," दोघंही एकदमच म्हणाले.